पॉइंट दोनची कॉइल

सूरतला उधन्याच्या एका गाळ्यात माझा नवरा हेमराज आणि मी हीटरच्या कॉइली गुंडाळतो. साडीवर खडे चिकटवायचं मशीन, स्टीम प्रेस, पॉलिस्टरची किनार जाळून कापणारा कटर, ह्या सगळ्यांच्या पोटात नायक्रोमची तार असते आणि ती कधी ना कधी जळते. जळली की कारखानेवाले आमच्याकडे येतात. मी पारोळ्याहून लग्न होऊन आले तेव्हा हे काम हेमराज एकटे करायचे. साखरेनं त्यांचे डोळे गेले, तशी मी पुढच्या स्टुलावर बसले. ते आता मागे बसतात. मी गुंडाळलेल्या कॉइलवरून नख फिरवतात आणि म्हणतात, "चौथा अन् पाचवा वेढा लांब शे." मी पुन्हा मोजते. त्यांचंच बरोबर निघतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की मला तारेतलं कळतं. माणसांतलं कळत नाही, असं आमच्या गल्लीत म्हणतात. मला तेही कळतं. जे कळतं ते आवडत नाही, एवढंच.

ललित आमच्याकडे आला तो २०१८ सालच्या उन्हाळ्यात. हा प्रमिलाचा मुलगा. प्रमिला आणि मी लिंबायतच्या चाळीत अकरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, एका सतरंजीवर बसून साड्यांचे धागे कापले. पुढे तिच्या नवऱ्यानं कामरेजकडे भरतकामाची मशिनं टाकली आणि ते लोक अडाजणच्या फ्लॅटमध्ये गेले. ललितला मी नाक गळत गल्लीत फिरताना पाहिलेलं आहे. त्या दिवशी तो काळा चष्मा कपाळावर चढवून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आंटी, कॉइल का काम आपही करते हो?"

"मराठी विसरलास का रे?"

"समझता हूँ ना. बोलने की आदत नहीं रही."

सव्वीस वर्षांचा घोडा. आई घरात अजून अहिराणी बोलते, बाप दोन शब्द गुजराती धड बोलत नाही, आणि ह्याची सवय गेली. मी त्याला स्टूलसुद्धा सरकवलं नाही.

त्यानं खिशातून बॅटरीवर बसवलेली एक छोटी स्टीलची डबी काढून टेबलावर ठेवली. वेप म्हणतात ते हे. मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यानं दाखवल्यावर दोन मिनिटांत कळलं, कारण कळण्यासारखं त्यात फारसं नाहीच. खाली बॅटरी. वर ह्या डबीत दोन खांब, खांबांना स्क्रूनं आवळलेली बोटाच्या पेराएवढी कॉइल. कॉइलच्या भोकातून ओवलेली कापसाची वात. वातीची दोन्ही टोकं फ्लेवरच्या रसात बुडालेली. बटण दाबलं की तार तापते, रसाची वाफ होते, माणूस ती ओढतो आणि तोंड वर करून सोडतो. देशभर बंदी यायला अजून वर्ष होतं. ललितनं अडाजणला त्याचं काचेचं दुकान थाटलं होतं. तयार कॉइल बाजारात मिळते, पण ह्या लोकांत जे स्वतःला मोठे समजतात ते स्वतः गुंडाळतात. त्याला ते 'बिल्ड' म्हणतात. आमच्या गाळ्यात दिवसाला शंभर बिल्ड होतात, त्याला आम्ही काहीच म्हणत नाही.

"जलने का टेस्ट आता है," ललित म्हणाला. "कस्टमर कम्प्लेंट करते हैं. मैंने सब व्हिडिओ देख लिए. मेरे हिसाब से वायर में प्रॉब्लेम है."

तारेत प्रॉब्लेम! चांगली सव्वीस गेजची तार होती बिचारी. मी बटण दाबलं. कॉइल एका कडेनं लालभडक झाली, मध्ये काळीच राहिली, मग दुसऱ्या कडेला एक ठिपका पेटला. सहा वेढे होते आणि सहांतले दोन एकमेकांवर चढलेले. एका खांबाचा स्क्रू नुसता ठेवल्यासारखा होता, मीटर लावला तर काटा नाचायला लागला. आणि वात! त्यानं भोकात कापूस असा ठासला होता, जसा उशीत भरतात. घट्ट कापसातून रस चढणार कसा? वात कोरडी पडते आणि तार कापूसच जाळते. तोच तो जळका वास. वर त्या गोड रसाची पुटं तारेवर करपून बसलेली. चलथाणच्या साखर कारखान्यावरून जाताना येतो, अगदी तसा वास त्या डबीला येत होता.

मी ते सगळं उचकटून टाकलं. तीन मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर नवी तार गुंडाळली, वेढ्याला वेढा लावून. दोन्ही पाय सारखे ठेवले, स्क्रू आवळले, जास्तीची तार मुळाशी कापली, कॉइल तळाला टेकत नाही ना ते पाहिलं. मग हळूहळू तापवली. जिथं आधी पेटते तिथं चिमट्यानं दाबली, पुन्हा तापवली. चौथ्या खेपेला ती मधून पेटली आणि लाली दोन्ही बाजूंना सारखी गेली. हेमराजनी गार झाल्यावर नख फिरवलं आणि मान हलवली. मग कापूस. ओढला तर थोडा अडेल पण तार वाकणार नाही, एवढाच. टोकं तिरपी कापून सुईनं पिंजली आणि रसाच्या खळग्यात नुसती टेकवली. फार कमी घातला असता तर रस भरभर चढून खालून गळला असता आणि ओढणाऱ्याच्या जिभेवर गरम थेंब उडाले असते. समईची वात जिनं वळली आहे तिला हे कुणी शिकवावं लागत नाही.

ललितनं एक झुरका घेतला. आख्खा गाळा आंब्याच्या वासानं भरला.

"वाह आंटी! एकदम क्लीन!"

ते मी कसं केलं, हे त्यानं विचारलं नाही. मी वाट पाहिली. तारेची लांबी किती, पाय सारखे का ठेवले, आधी चिमटा का लावला, काहीच नाही. त्यानं फक्त विचारलं, "ऐसे पचास बना दोगे?"

त्या क्षणापासून तो माझ्या मनातून उतरला. उतरला म्हणजे चढलेला तरी कधी होता! पण न येणाऱ्याचा मला राग नाही. हेमराजच्या हाताखाली मीही पहिल्या महिन्यात मशीन जाळलेलं आहे. येत नाही आणि विचारायचंही नाही, ह्याची मला किळस येते.

मी पन्नास केल्या. मग शंभर. दर आठवड्याला तो यायचा, पिशवी न्यायचा. त्याच्यासोबत कधी कधी त्याचे मित्र असायचे, सगळे सारख्याच दाढीचे. त्यांच्यासमोर तो मला ओळखायचा, पण कारागीर ओळखतात तसा. एकदा एकानं विचारलं, "भाई, ये तेरी बिल्ड है ना?" ललित माझ्यादेखत म्हणाला, "डिझाइन मेरी है. आंटी बस लपेट देती है."

मी तेव्हाही गप्प बसले. मला त्यात एक गोडी वाटायला लागली होती, खरं सांगते. तो बोलत जायचा, मी मनात त्याच्या चुका मोजत जायचे. घरी जाऊन हेमराजना त्याची नक्कल करून दाखवायचे. ते हसायचे, पण पुढेपुढे कमी हसायला लागले.

ऑगस्टमधली गोष्ट. गुरुवारी दुपारी ललित दोन मित्रांना घेऊन आला. रविवारी डुमस रोडवरच्या एका पार्टी प्लॉटवर वाफ सोडायची स्पर्धा होती. कोणाचा ढग मोठा, त्याला बक्षीस. मोठी माणसं, लग्नाच्या वयाची, आणि स्पर्धा कसली तर धूर सोडायची. ह्या वेळी त्यानं आणलेलं यंत्र वेगळं होतं. नुसती पितळेची नळी. आत बॅटरी, वर कॉइल, खाली दाबायचं बटण. मध्ये सर्किट नाही, फ्यूज नाही, काही नाही.

"पॉइंट झिरो आठ ओहम की चाहिए," तो म्हणाला.

मी म्हटलं, "चार व्होल्टची बॅटरी आहे. पॉइंट झिरो आठला पन्नास अँपिअर खेचेल. तुझ्या बॅटरीवर वीस लिहिलंय."

तो मित्रांकडे बघून हसला. "आंटी, उल्टा है. रेझिस्टन्स कम, तो बॅटरी पे लोड भी कम. सिंपल फिजिक्स है." मग टेबलावर वाकून, मला दिसावं म्हणून, त्यानं माझ्याच पेन्सिलीनं माझ्याच पॅडवर व्होल्ट, करंट, रेझिस्टन्सचा तीन अक्षरांचा एक त्रिकोण काढला. मला, जी रोज पंचवीस वेळा तो भागाकार तोंडी करते. त्रिकोणातली दोन अक्षरं त्यानं चुकीच्या जागी लिहिली.

"पॉइंट दोन," मी म्हटलं. "याच्या खाली मी गुंडाळत नाही. पाहिजे तर घे, नाही तर ऊठ."

"चलो, ठीक है," तो म्हणाला. "एडजस्ट कर लेंगे."

मी जाडी तार घेतली. दोन कॉइली गुंडाळल्या, खांबांना जोडल्या, मीटर लावला. पॉइंट दोन, काटा ढिम्म हलला नाही. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या कामांपैकी ते एक काम होतं, आणि ते त्या गाढवाच्या नळीत गेलं.

बसवून बघायला त्यानं खिशातून दोन बॅटऱ्या काढल्या. एक नळीत घातली, दुसरी टेबलावर ठेवली. ती टेबलावरची मी पाहिली.

ह्या बॅटरीला बाहेरून पातळ प्लास्टिकचं वेष्टण असतं. त्याच्या आत जो धातूचा डबा असतो तो सबंध वजा टोक असतो, तळापासून पार वरच्या कडेपर्यंत. मधलं बटण तेवढं अधिक. वरच्या कडेला वेष्टण फाटलं, तर अधिक आणि वजा ह्यांच्यात नखाएवढं अंतर राहतं. त्या बॅटरीचं वेष्टण वरच्या कडेला फाटलेलं होतं. नखानं सोलल्यासारखी एक पट्टी निघाली होती आणि आतला धातू चमकत होता. ललितनं ती उचलली आणि जीन्सच्या खिशात टाकली. त्याच खिशातून मघाशी त्यानं स्कूटरच्या किल्ल्या काढल्या होत्या.

माझ्या डाव्या हाताच्या खणात वेष्टणाच्या नळ्या होत्या. कापायची, चढवायची, गरम हवा मारायची. चिमटीचं काम. तोंडातून एक वाक्य काढायचं होतं. मी त्या पॅडवरच्या त्रिकोणाकडे बघत होते. मी मनात म्हटलं, एवढं फिजिक्स येतं ना, मग हेही येत असेल.

ते गेले.

शुक्रवारी सकाळी भाकरी खाताना मी हेमराजना ते सांगितलं. गंमत म्हणून. त्रिकोणाची नक्कल केली आणि शेवटी फाटक्या बॅटरीचंही सांगितलं. ते हसले नाहीत. हातातला घास ताटात ठेवला.

"तू त्याले सांगं नही?"

"त्यानं विचारलं नाही."

"विचारं नही!" ते म्हणाले. "त्याले अक्कल नही, पन तुले तं शे ना? तोंड उघडाले पैसा लागतस का?"

"तो ऐकत नाही कुणाचं."

"नही आयकी तं नही आयकी. तू सांग तं सही." त्यांनी फोन मागितला. मी नंबर लावून दिला. पलीकडून गाणी ऐकू येत होती. हेमराज बॅटरीबद्दल सांगायला लागले, तोवर ललित म्हणाला, "अंकल, ऑर्डर का बाद में बात करते हैं," आणि फोन ठेवला. मग हेमराज माझ्याकडे तोंड करून बसले. दिसत नाही त्यांना, पण चेहरा बरोबर माझ्याकडे. म्हणाले, "जाय. उठ."

मी शनिवारी गेले. वेष्टणाची एक नळी कापून पाकिटात ठेवली आणि अडाजणची बस धरली. दुकान शोधायला त्रास झाला नाही, बाहेरून निळे दिवे लावले होते. आत पाच-सहा गिऱ्हाइकं होती. भिंतीवर काचेच्या पेटीत माझ्या कॉइली मांडल्या होत्या, मखमलीवर, जसे दागिने. वर ललितचा हाताची घडी घातलेला फोटो आणि खाली लिहिलेलं: सूरतचा एकमेव मास्टर बिल्डर, सात वर्षांचा अनुभव. सात वर्षांपूर्वी हा बारावीत दुसऱ्यांदा नापास झाला होता. पेढे वाटायचे नाहीत म्हणून प्रमिला गल्लीत यायची बंद झाली होती.

ललितनं मला पाहिलं. गिऱ्हाइकांपुढे त्याचा चेहरा जरा पडला. तो काउंटरवरूनच म्हणाला, "आंटी, पेमेंट के लिए आए क्या? मंडे को आओ ना. अभी रश है."

मी तिथे कशी दिसत होते ते मला माहीत आहे. हातात कापडी पिशवी, साडीवर तारेचे डाग. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पाहणं सोडलं. पेटीकडे बोट दाखवून सांगावंसं वाटलं, अरे नालायकांनो, हे मी केलंय. आणि तेही सांगावंसं वाटलं नाही, कारण ह्या लोकांनी मला मानलं काय आणि न मानलं काय. मी वळले आणि बाहेर आले. बस मिळेपर्यंत अर्धा तास थांबले. त्या अर्ध्या तासात परत आत जाता आलं असतं. पाकीट पिशवीतच राहिलं. घरी येऊन हेमराजना मी सांगितलं, "दिलं सांगून."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. कामाच्या बाबतीत मी त्यांच्याशी खोटं बोलले, ते पहिल्यांदा.

रविवारी दुपारी स्पर्धा सुरू व्हायच्या आत ललितच्या खिशात बॅटरी फुटली. किल्ली मध्ये आली. मित्रांनी नंतर सांगितलं, आधी शिट्टीसारखा आवाज झाला, मग खिशातून आग निघाली, आतिषबाजीच्या झाडासारखी. त्यानं हात घालून ती बाहेर काढायचा प्रयत्न केला. मांडी कंबरेपासून गुडघ्यापर्यंत भाजली आणि उजव्या हाताची दोन बोटं.

मंगळवारी प्रमिलाचा फोन आला. आवाज बसलेला. "रंजना, इथं ये," म्हणाली आणि दवाखान्याचं नाव सांगितलं. मी हेमराजना घेऊन गेले नाही. त्यांनी चल म्हटलं, मी म्हटलं, गर्दी असेल.

प्रमिला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. कितीतरी दिवसांनी मी तिला इतक्या जवळून पाहिलं. केसांना रंग लावला होता आणि मुळांशी पांढरे दिसत होते. तिच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत ती पितळेची नळी.

"ललित म्हणतो, तुझ्या कॉइलनं झालं," ती म्हणाली. "कॉइल खराब होती म्हणून बॅटरी तापली. त्याचे मित्रही तेच म्हणतात. त्याच्या पप्पांना पोलिसात जायचंय. मी म्हटलं, आधी रंजनाला विचारते."

मला काय वाटलं ते सांगते, लपवत नाही. आधी राग आला. अंगाची लाही झाली. माझी कॉइल खराब? मी पिशवीतून मीटर काढला, मी तो घेऊनच गेले होते. तिच्या हातातली नळी घेतली, वरची डबी उघडली. दोन्ही कॉइली जशाच्या तशा होत्या, एक वेढा हललेला नव्हता. वात सुद्धा पांढरी. मीटर लावला आणि तिच्या डोळ्यांपुढे धरला.

"हे बघ. पॉइंट दोन. गुरुवारी पॉइंट दोन होतं, आजही पॉइंट दोन आहे. ह्या नळीतली बॅटरी शाबूत आहे. फुटली ती खिशातली. तिला ही कॉइल लागलीसुद्धा नव्हती."

प्रमिलानं मीटरकडे पाहिलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझं काम ती ओळखते. तिनं मान हलवली.

"मग खिशातली कशानं फुटली?"

इथं मी थांबू शकले असते. देव जाणे कशानं, म्हणू शकले असते. कंपनीचा माल खराब असेल, म्हणू शकले असते. कॉइल निर्दोष ठरली होती, माझं नाव धुतलं गेलं होतं, आणि तो मूर्ख आत भाजून पडला होता.

"वेष्टण फाटलं होतं तिचं," मी म्हटलं. "किल्ली लागली आणि शॉर्ट झाली."

"तुला काय माहीत?"

"मी पाहिलं होतं. गुरुवारी. माझ्या टेबलावर."

तिला समजायला वेळ लागला. समोरून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली. मग प्रमिला म्हणाली, "आणि तू बोलली नाहीस."

"नाही."

"का?"

"त्यानं मला फिजिक्स शिकवलं," मी म्हटलं. हे उत्तर तोंडातून निघाल्यावर मला ऐकू आलं. मी स्वतःवर थुंकले असते, पण दवाखाना होता.

मला वाटलं, ती ओरडेल. मारलं असतं तरी चाललं असतं. ती हळू आवाजात बोलली, आपण भाजीचा भाव सांगतो तसं. "तू अशीच होतीस. धागे कापताना माझ्या साडीत भोक पडलं की तुला आधी दिसायचं. तू सांगायची नाहीस. शेठ बोलला की मग माझ्याकडे बघायचीस. मला वाटायचं, हिला कळत नसेल. नंतर कळलं, की तुला सगळं कळतं, आणि तुला ते बघायचं असतं."

साड्यांचं मला आठवत नव्हतं. आठवत नव्हतं हे जास्त वाईट होतं.

"आता एक कर," ती म्हणाली. "दिवसाआड त्याची मलमपट्टी असते. जुनी पट्टी काढताना तो किंचाळतो. त्याचे पप्पा बाहेर पळतात. माझ्यानं बघवत नाही, मला चक्कर येते. कुणीतरी पाय धरायला लागतं. तू ये. तुला बघता येतं ना सगळं? मग बघ."

घरी जाऊन हेमराजना खरं सांगितलं. शनिवारचं खोटंही सांगितलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत आणि दोन दिवस माझ्या कॉइलींना हात लावला नाही. मी त्या तशाच गिऱ्हाइकांना दिल्या.

दिवसाआड जात राहिले, दीड महिना. आधी दवाखान्यात, मग त्यांच्या फ्लॅटवर. ड्रेसर खारं पाणी ओतायचा, पट्टी सोलायचा, आणि मी ललितचा घोटा दोन्ही हातांनी गादीवर दाबून धरायचे. तो मला शिव्या द्यायचा. त्या शिव्या मात्र त्याला मराठीतून छान यायच्या. मांडीचं मांस मी दर खेपेला पाहिलं, आधी लाल, मग पिवळट, मग गुलाबी. मी मान वळवली नाही.

त्यानं मला माफ केलं, किंवा मला त्याची माया लागली, असं कुणाला वाटत असेल तर ते काढून टाका. तो होता तसाच होता. बरं वाटायला लागल्यावर पडल्यापडल्या मित्रांना फोनवर सांगायचा, की चायना माल होता म्हणून फुटलं, माझी काही चूक नाही. फाटलेल्या वेष्टणाबद्दल आईनं त्याला सांगितलं होतं. त्यावर तो एवढंच म्हणाला, "सबको बाद में सब पता होता है." मला तो पूर्वी जितका नकोसा होता तितकाच तेव्हाही होता. फरक एवढा झाला, की पूर्वी नाक मुरडताना मला स्वतःबद्दल जे बरं वाटायचं, ते वाटेनासं झालं. नुसतं मुरडलेलं नाक उरलं.

दुकान त्याच्या बापानं बंद केलं. पुढच्या वर्षी कायदाच आला, तेव्हा बाकीच्यांचीही बंद झाली.

एक दिवस, मलमपट्टी संपत आली होती तेव्हा, मी फ्लॅटवर गेले तर ललित उठून बसला होता. समोर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर चाळीस-पन्नास बॅटऱ्या मांडल्या होत्या. सोल्डरिंगची बंदूक, निकेलच्या पट्ट्या, चार्जर. प्रमिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पदराला पुसत.

"नया बिझनेस," तो म्हणाला. "ई-बाइक के पॅक. पुराने सेल से बनाऊँगा. मार्जिन देखो आप."

जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल, पाच जातींचे एकत्र. काही फुगलेले. त्यानं आठ एका ओळीत जोडून चार्जिंगला लावलेही होते, आणि चार्जर गादीच्या कडेला टेकलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि समजावणीच्या सुरात सुरुवात केली, "देखो आंटी, सिरीज में व्होल्टेज..."

"ललित," मी म्हटलं, "तुला वीज कळत नाही."

तो थांबला.

"तेव्हाही कळत नव्हती, आत्ताही कळत नाही. तो त्रिकोण तू चुकीचा काढला होतास. हे सेल एका जातीचे नाहीत, ते तीन फुगलेत, आणि तो चार्जर ह्या कामाचा नाही. हे घर पेटेल. तुझी आई ह्या घरात झोपते."

"आपसे पूछा किसने?" तो ओरडला. कान लाल झाले होते. "आप होते कौन हो? लपेटनेवाली हो, लपेटो ना जाके!"

"कुणी विचारलं नाही. मी सांगतेय. शिकायचं असेल तर उद्या सकाळी नऊला गाळ्यावर ये, फरशी झाडण्यापासून सुरुवात. नसेल शिकायचं तर बापाच्या मशिनांवर बस. हे करू नकोस. तू ह्यात मूर्ख आहेस."

प्रमिलाच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येत नाही. हसू नव्हतं, पण रागही नव्हता. ललितनं मला निघून जायला सांगितलं, आधी हिंदीत, मग गुजरातीत, शेवटी अहिराणीत. मी गेले नाही. चार्जरची पिन भिंतीतून उपटली. फुगलेले तीन सेल वेगळे काढले आणि ते पेटू नयेत म्हणून मातीत पुरायला प्रमिलाला बाल्कनीतली कुंडी रिकामी करून कोरडी माती आणायला सांगितली. तिनं आणली.

मग ड्रेसर आला. त्यानं चप्पल काढली, हात धुतले. मी खाली बसले आणि ललितचा पाय धरला. त्यानं तो हिसडून काढायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही.